न आलेला फोन

प्रश्न : एकमेकींची माणसे घ्यायची नाहीत असे कंपन्यांनी गुपचूप ठरवले, तरी नोकरी शाबूतच राहते, मग कर्मचाऱ्याचे नुकसान ते काय?

उत्तर : पगारवाढ मागण्याचे बळच जाते, कारण बाहेरून बोलावणे आले की आपली किंमत कळते आणि वरिष्ठांचाही हात सैल होतो. गूगल आणि अ‍ॅपलमध्ये असेच ठरलेले असताना, 2007 मध्ये गूगलच्या भरती विभागातील एका व्यक्तीने अ‍ॅपलच्या अभियंत्याशी संपर्क साधल्याची तक्रार अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी गूगलकडे केली. त्या व्यक्तीला तासाभरात काढणार असल्याचे समजल्यावर जॉब्स यांनी तो ईमेल नुसता हसरा चेहरा जोडून अ‍ॅपलच्या मनुष्यबळ विभागातील वरिष्ठांकडे धाडला. (संगनमताची इतकी बोलकी पावती क्वचितच मिळते!) 2010 मध्ये अमेरिकी न्याय विभागाने सहा कंपन्यांना असे करार बंद करायला लावले, पुढे सुमारे 64,000 कर्मचाऱ्यांच्या दाव्यात चौघींनी 41.5 कोटी डॉलर मोजले.