कवी सरांना एकटं बाहेर जाऊ द्या

इथल्याच, कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून एका सूनबाईचं लांबलचक पत्र आलं आहे. प्रश्न बरेच आहेत, पण मी एकाच प्रश्नापाशी थांबणार आहे. बाकीच्यांचं शेवटी दोन-दोन ओळींत बघू.

ती लिहिते, "ताई, माझे सासरे कवी आहेत. माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे. तीन संग्रह निघालेत. तालुक्याच्या गावात लहानथोर सगळे त्यांना 'कवी सर' म्हणायचे. आई गेल्यावर आम्ही त्यांना सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर, इकडे आणलं. उजेडाची खोली दिली, टेबल-खुर्ची घेतली, त्यांची पुस्तकं मागवून घेतली, लॅपटॉपवर मराठी टायपिंगची सोय करून दिली. दुधापासून औषधांपर्यंत सगळं हातात देतो, कसलेही कष्ट पडू देत नाही. पण दीड वर्षात त्यांनी एक ओळ लिहिली नाही. विचारलं की म्हणतात, 'सुचत नाही गं.' वयामुळे असं होतं का?"

नाही गं. वयाचा इथे काही संबंध नाही. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि उत्तर मला तुझ्याच पत्रात सापडलं. तिसऱ्या पानावर, दुसरंच काही सांगता सांगता तू लिहून गेली आहेस, "गावी असताना संध्याकाळी ते एसटी स्टँडवर जाऊन बसायचे. कुणाला आणायला-पोचवायला नाही, नुसतेच. आम्हाला थोडं लाजिरवाणं वाटायचं."

अगं, त्या स्टँडवरच त्यांच्या कविता होत्या! खेड्यावरून दवाखान्यात आलेली म्हातारी, शेवटची गाडी चुकलेला शाळकरी मुलगा, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून घातलेली हुज्जत, बाजाराच्या दिवशीची गर्दी. निवृत्त झाल्यावर शाळेतला कलकलाट सुटला, तेव्हा या माणसाने स्वतःच्या पायांनी जाऊन दुसरा कलकलाट शोधून काढला. आणि तुम्ही त्यांना अशा घरात आणून ठेवलंत की सकाळी सगळ्यांच्या गाड्या निघाल्या की संध्याकाळपर्यंत फ्रीजचा आवाज तेवढा ऐकू येतो. तिथे काय सुचणार? टेबल कितीही चांगलं असलं तरी टेबलातून कविता निघत नाही.

कवीला शांतता लागते, ही समजूत आपल्यात कुठून शिरली कोण जाणे. आपल्या भाषेत तर उलटंच घडत आलं आहे. ओव्या जात्यावर झाल्या, हाताला काम आणि शेजारी दुसरी बाई असताना. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात राबता राबता त्यांच्या तोंडून कविता आल्या, त्या घरातल्या मुलांनी टिपून ठेवल्या, आणि त्या गेल्यावर पुढच्या वर्षी, 1952 साली, पुस्तक निघालं. नारायण सुर्वे मुंबईच्या गिरणगावात वाढले, गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. यांतल्या कुणाला कुणी उजेडाची खोली दिली होती?

मी हे एवढं ठासून सांगते, कारण आमच्या घरात हेच होऊन गेलंय. माझे सासरे, आप्पा, साताऱ्याकडचे, कचेरीत हेडक्लार्क होते. दिवाळी अंकांत अधूनमधून त्यांची कविता यायची. टोरांटोतल्या स्कारबरोला आमच्याकडे आले तेव्हा यांनीही तुझ्या नवऱ्यासारखाच बंदोबस्त केला होता. आप्पांनी एकट्याने कोपऱ्यापर्यंतसुद्धा जायचं नाही. बर्फ आहे, भाषा येत नाही, रस्ता चुकतील. आप्पा बिचारे खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. मी यांच्याशी भांडले. सरळ भांडले. म्हटलं, ज्या माणसाने चाळीस वर्षं कचेरी सांभाळली त्याला एक बस पकडता येणार नाही का? मग मी स्वतः त्यांना घेऊन बसने वाचनालयात गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि एका सोमवारी त्यांना दारातून एकट्यांना निरोप दिला. कोटाच्या आतल्या खिशात चिठ्ठी: नाव, पत्ता, आमचे दोघांचे फोन, बसचा नंबर, उतरायचा थांबा. चिठ्ठी इंग्रजीत, आणि मागच्या बाजूला तेच मराठीत, म्हणजे काय दाखवतोय ते त्यांनाही कळावं.

दुपारी परत आले ते जोडे काढायच्या आधी बोलायला लागले. इथली बस थांब्यावर आली की म्हाताऱ्या माणसासाठी फुस्सकन आवाज करून एका बाजूला खाली झुकते, हे आपल्याला रोजचं झालंय, आपण बघतसुद्धा नाही. आप्पांनी ते पहिल्यांदा पाहिलं होतं. "अगं, एवढं मोठं धूड, आणि माझ्यापुढे गुडघा टेकलान त्यानं!" त्या रात्री पिझ्झाच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने कविता उतरली. पुढे शाळेपाशी पिवळं जाकीट घालून मुलांना रस्ता ओलांडून देणारे एक गयानीज आजोबा त्यांच्या ओळखीचे झाले. दोघांचं इंग्रजी दोन तऱ्हेचं, पण गप्पा चालायच्या. त्या आजोबांवर आप्पांनी जे लिहिलं ते त्यांच्या साताऱ्यातल्या कवितांपेक्षा सरस आहे, हे मी सून म्हणून सांगत नाही, वाचक म्हणून सांगते.

आता तुझ्या सासऱ्यांचं. तुमचं ब्रॅम्प्टन आहे, त्यामुळे काम सोपं आहे. ब्रॅमली टर्मिनल बघितलं आहेस ना? बसेस सारख्या येत-जात असतात. लागूनच ब्रॅमली सिटी सेंटर मॉल, आणि वाचनालयही त्याच भागात. एसटी स्टँड, बाजार आणि गावचं वाचनालय तुमच्याकडे जवळजवळ आहे, आणि तू माझ्याकडे कवितेचं औषध मागतेस! मॉलमध्ये बाकांवर पंजाबी आजोबांच्या बैठका असतात. तुझ्या बाबांना हिंदी येतच असणार, शिक्षक माणूस. पहिल्या दिवशी नुसतं बसतील, हळूहळू गावाकडच्या पाऊसपाण्यावर बोलायला लागतील.

ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या 65 वर्षांवरच्या लोकांना शहराच्या बसचा प्रवास मोफत आहे. त्यासाठी प्रेस्टो कार्डावर, म्हणजे बसभाड्याच्या कार्डावर, ज्येष्ठ म्हणून नोंद करावी लागते आणि वयाचा व पत्त्याचा पुरावा लागतो. सुपर व्हिसावर असलेल्या माणसाचा पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालेल, ते आधी फोन करून विचारून घे. नाहीच झालं तर तिकिटाचे पैसे भर, पण त्यापायी त्यांना घरी बसवू नकोस. मोफत आहे म्हणून जायचं नाहीये.

आणि नुसतं "फिरून या" म्हणू नकोस. हेतू नसलेलं फिरणं म्हाताऱ्या माणसाला अपमानासारखं वाटतं. काम दे. खरं काम, ते केलं नाही तर अडेल असं. नातवाची राखून ठेवलेली पुस्तकं वाचनालयातून आणायची, दूध संपलंय ते आणायचं. तू लिहितेस, "कसलेही कष्ट पडू देत नाही." यात तुझी माया आहे, मला ती दिसते. पण ज्या माणसावर घरातलं काहीच अवलंबून नाही, तो पाहुणा होऊन जातो. आणि पाहुणा कविता करत नाही, पाहुणा संकोच करतो.

तू म्हणशील, पडले तर? मलाही ती भीती माहीत आहे, दर हिवाळ्यात असते. म्हणून डोळे मिटून सोडायचं नाही. बुटांना अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते घे, आणि मॉलमध्ये शिरताना काढायला शिकव, कारण गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा बाहेर पडायची वेळ सकाळी दहानंतरची ठेव आणि उजेडात घरी. बर्फाळ पाऊस असेल त्या दिवशी सुट्टी. इथली सरकारी आरोग्यसेवा त्यांना लागू नाही, म्हणून विम्याच्या पॉलिसीची प्रत चिठ्ठीसोबत खिशात असू दे. सुपर व्हिसासाठी निदान एक लाख डॉलरचा विमा काढलेला असतो, तो कपाटात ठेवायला नाही. विसरायला होतं, चक्कर येते असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग बस.

परत आले की काय लिहिलंत असं विचारू नकोस. कोण भेटलं ते विचार, आणि भाजी चिरता चिरता का होईना, ऐक. आप्पा मला कधीही "कविता ऐकतेस का?" असं म्हणाले नाहीत. त्या दिवसातलं काहीतरी सांगायला लागायचे आणि सांगता सांगता ओळ यायची. लॅपटॉप बंद करून ठेव. शाळेत ज्या वहीत लिहायचे तसली शंभर पानी वही आणि दोन पेन्सिली स्वयंपाकघराच्या टेबलावर सहज पडलेल्या असू देत.

बाकीचे प्रश्न. नातवाला आजोबांच्या कविता कळत नाहीत: न कळू देत, त्याला शनिवारी आजोबांबरोबर बसने पाठव. जुन्या वह्या स्कॅन कराव्यात का: जरूर करा, त्यांना विचारून. नवा संग्रह छापायचा खर्च: नव्या कविता येईपर्यंत तो विषयच काढू नका. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत कविता वाचायला नाही म्हणाले: त्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे, जुन्या कवितांवर टाळ्या घ्यायचा त्यांना कंटाळा आला असेल.

रात्री उठून घरभर फिरतात, हे मात्र मी हलकं घेणार नाही. बायको जाऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. जेवण कमी झालं असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर कवितेची वाट न बघता डॉक्टरांना दाखव. दुःखाला औषध नसलं तरी आजाराला असतं, आणि यातलं कुठलं आहे हे तू किंवा मी ठरवू शकत नाही. तुझा नवरा आईबद्दल त्यांच्याशी बोलतो का? पत्रात त्याचा एक शब्द नाही. त्याला म्हणावं, बोल.

हे सगळं थंडी पडायच्या आत कर. पहिल्या दोन खेपांना तू बरोबर जा, पण त्यांच्या मागच्या सीटवर बस. प्रेस्टोचं काम करायला त्यांनाच पुढे कर. काउंटरवरच्या बाईशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना बोलू दे, आणि ते अडले तरी लगेच मध्ये तोंड घालू नकोस.