एनव्हीडीएच्या दहा-बारा ॲड-ऑनचे शॉर्टकट लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की शिवाजीनगरच्या ऑफिसात डेस्कटॉप आहे, घरी वारज्यात लॅपटॉप, आणि दोन्हीकडे एनव्हीडीएवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) दहा-बारा ॲड-ऑन, म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. शॉर्टकटची एक्सेल यादी केलीत, तरी कळ दाबल्यावर भलतंच काहीतरी सुरू होतं.

माझं ऐकाल तर यादीचा नाद सोडा. ॲड-ऑनची नवी आवृत्ती आली की ती शिळी होते. खरी यादी एनव्हीडीएकडेच असते, ती विचारायची कशी एवढंच शिकायचं.

कळ माहीत आहे पण काम आठवत नाही, तेव्हा एनव्हीडीए+१ (एनव्हीडीए कळ म्हणजे इन्सर्ट, किंवा तशी निवडली असेल तर कॅप्स लॉक) दाबून इनपुट हेल्प चालू करा आणि ती कळ दाबा. काम ऐकू येतं, प्रत्यक्षात काही घडत नाही. नुसतं कळीचं नाव ऐकू आलं तर ती कळ तिथे रिकामी आहे. काम कुठल्या ॲड-ऑनचं हे मात्र बोललं जात नाही, ते लॉगमध्ये, म्हणजे एनव्हीडीएच्या नोंदवहीत, लिहिलं जातं. पुन्हा एनव्हीडीए+१ ने हेल्प बंद करा आणि एनव्हीडीए+एफ१ दाबा. लॉग व्ह्यूअरमध्ये डेव्हलपरसाठीची बरीच माहिती येईल. त्या माहितीच्या आधी, वरच्या बाजूला, ‘इनपुट हेल्प’ने सुरू होणारी ओळ शोधा. शेवटी ‘ग्लोबलप्लगइन्स’ आणि पुढे नाव असेल तर तो ॲड-ऑन. ‘ग्लोबलकमांड्स’ असेल तर एनव्हीडीएची स्वतःची कमांड.

उलट, काम माहीत आहे पण कळ नाही, तर एनव्हीडीए+एन, प्रेफरन्सेस, इनपुट जेश्चर्स. फिल्टरच्या चौकटीत कामाचा एखादा शब्द टाका. इथे बरेच जण फसतात: हा डायलॉग जिथून उघडला तिथे चालणाऱ्या कमांडच दाखवतो. एक्सेलपुरत्या असलेल्या कमांड हव्या असतील तर एक्सेलमध्ये असतानाच तो उघडा. डेव्हलपरने वर्ग ठरवला नसेल तर कमांड ‘मिसलेनियस’मध्ये जाते, आणि वर्णनच दिलं नसेल तर दिसतच नाही.

आता भलतंच का चालू होतं. कळ दाबली की एनव्हीडीए आधी ग्लोबल प्लगइनना (ॲड-ऑनचा सगळीकडे चालणारा भाग) विचारतं, मग चालू प्रोग्रॅमच्या मॉड्यूलला (फक्त त्या प्रोग्रॅमपुरता भाग). स्वतःच्या कमांडचा नंबर अगदी शेवटी. त्यामुळे ॲड-ऑन एनव्हीडीएची कळ बिनबोभाट बळकावतो, कसलीही सूचना येत नाही. दोन प्लगइननी एकच कळ घेतली असेल तर कोणाचं चालेल याचा भरवसा नाही. म्हणूनच इनपुट जेश्चर्सच्या त्याच डायलॉगमध्ये नको असलेल्या कमांडखालची कळ आधी ‘रिमूव्ह’ करा, मग हव्या त्या कमांडला ‘ॲड’ करा. नुसतं ‘ॲड’ केलंत तर ॲड-ऑन आपला हक्क सोडत नाही. शेवटी ‘ओके’ दाबा. एस्केपने बाहेर पडलात तर सगळं वाया. एकाच कळीवर भांडणाऱ्या अशा कमांड एकेक शोधत बसायचं नसेल तर ‘चेक इनपुट जेश्चर्स’ नावाचा ॲड-ऑन टाका. टूल्स मेनूतून तो दुहेरी कळा आणि वर्णन नसलेल्या कमांड दोन्ही शोधून देतो.

दोन टप्प्यांच्या कमांड मात्र यातून सुटतात. उदाहरणार्थ इन्स्टंट ट्रान्सलेटमध्ये आधी एनव्हीडीए+शिफ्ट+टी, मग एक अक्षर. इनपुट हेल्प फक्त पहिला टप्पा सांगते. (तिथे दुसऱ्या टप्प्यात एच दाबलं की सगळ्या कमांड ऐकवल्या जातात. अशी सोय प्रत्येक ॲड-ऑनने द्यायला हवी.) बाकीच्यांसाठी ॲड-ऑन स्टोअरमधून त्या ॲड-ऑनची हेल्प उघडा. एक्सेलमध्ये काही ठेवायचंच तर या दुसऱ्या टप्प्याच्या कळा एवढंच ठेवा.

तुम्ही बदललेल्या सगळ्या कळा ‘जेश्चर्स डॉट आयएनआय’ या एकाच साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. स्टार्ट मेनूत एनव्हीडीएची यूझर कॉन्फिगरेशन डिरेक्टरी उघडण्याचा शॉर्टकट आहे, तिथे ती सापडेल. ती लॅपटॉपवर कॉपी करून लगेच एनव्हीडीए रीस्टार्ट करा. मध्येच जेश्चर्स डायलॉगमध्ये ‘ओके’ दाबलंत तर जुनी माहिती तिच्यावर लिहिली जाईल. एनव्हीडीएत कळांची मांडणी (लेआउट) डेस्कटॉप आणि लॅपटॉप अशी दोन प्रकारची असते. म्हणून कळ जोडताना येणाऱ्या मेनूत ‘ऑल लेआउट्स’ निवडा, फक्त डेस्कटॉप लेआउट निवडलात तर लॅपटॉप लेआउटमध्ये ती कळ चालणार नाही.