चालू दुकान घ्यावं की नवं टाकावं: हिंगणघाटकडच्या भावाला

तू लिहिलंस की बायकोला इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी लागली, मागोमाग तूही पोरीला घेऊन निघतोयस. गावात कृषी केंद्र चालवायचा अनुभव आहे, म्हणून तिकडेही दुकानच करायचं मनात आहे. तर चालू दुकान विकत घ्यावं की नवं टाकावं, आणि त्यापायी चार एकर वावर विकावं का, असं विचारलंस. दादा म्हणालास म्हणून मीही अरे-तुरेच करतो. मी आर्वी तालुक्यातला. मीही बायकोच्या नोकरीमागे इथं आलो, वावर विकलं आणि दुकान विकत घेतलं. तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते परत सांगत नाही. एवढंच सांगतो की नर्सच्या जोडीदाराला इथं स्वतःचा धंदा करता येतो, त्यामुळे तुझा रस्ता मोकळा आहे. पण 'दुकान विकत घ्या, व्हिसा आपोआप मिळतो' असं सांगणाऱ्या एजंटला दारात उभं करू नकोस. २०२३ पासून जो इनोव्हेटर फाउंडर व्हिसा आहे तो नव्या कल्पनेसाठी आहे. दुसऱ्याचा चालू धंदा घेणाऱ्याला तो मिळत नाही.

माझं मत विचारशील तर पहिलं दुकान चालू असलेलंच घे. गावात तू कृषी केंद्र टाकलंस तेव्हा पंचक्रोशी तुझ्या बाबांना ओळखत होती. कापूस निघाला की चुकारा होईल या भरवशावर तू बियाणं-खत उधार देतोस, आणि होलसेलरही तुझ्या घराकडे बघून तुला माल सोडतो. इथं ती पत शून्य. जागामालक काही महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागतो, माल देणारा रोख मागतो, आणि नव्या दुकानाला पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी भाडं सुरू झालेलं असतं. चालू दुकानात निदान सकाळी पेपर आणि दूध घ्यायला येणारी माणसं तयार असतात.

खरं सांगायचं तर मी हिशोब करून विकत घेतलं नाही. आल्यावर बायको ड्युटीवर, पोरगा शाळेत आणि मी घरात. दिवसभर कोणी माझ्या नावानं हाक मारत नव्हतं. गावात चौकात उभा राहिलो तरी चार जण चहाला ओढायचे. मला शटर उघडल्या दिवशी दारातून माणसं आत यायला हवी होती, आणि त्यासाठी मी पैसे मोजले. एकटेपणाबद्दल तू वेगळं विचारलंस, त्याचं उत्तर यातच आलं. दुकान उघडं असेपर्यंत तो जाणवत नाही, पोळ्याला आणि दिवाळीला जाणवतो. पुढं चल.

विकणारा तुला वही दाखवेल. ती बाजूला ठेव आणि तीन वर्षांचे व्हॅट रिटर्न आणि बँकेची स्टेटमेंट माग. १ जून २०२५ पासून इथं एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर, बंदी आली. त्याआधीचे विक्रीचे आकडे दाखवून कोणी भाव चढवत असेल तर त्यातून व्हेप वजा कर. लीजची किती वर्षं उरली ते बघ, आणि जागामालक-भाडेकरूंच्या १९५४ च्या कायद्याचं संरक्षण त्या लीजला आहे की करारातून काढून टाकलंय, हे वकिलाकडून लेखी घे. संरक्षण नसेल तर मुदत संपल्यावर मालक तुला उठवू शकतो, आणि तू मोजलेलं गुडविल, म्हणजे चालू धंद्याच्या नावाचे पैसे, हवेत जातं. कामाला असलेली माणसं दुकानासोबत तुझ्याकडे येतात, त्यांच्या जुन्या नोकरीच्या वर्षांसकट. कायदाच आहे तसा, आणि मला तो आवडतो. माझ्याकडच्या बाईंनीच मला हे गाव शिकवलं. शेवटचं म्हणजे दुकान घे, त्याची कंपनी घेऊ नकोस. कंपनीचे शेअर घेतले की तिची जुनी देणीही तुझ्या गळ्यात.

आता वावराचं. पैसा इथं आणताना बँकेनं मला जे नाचवलं ते मी विसरलेलो नाही. गावाकडची शेतजमीन विकली तर भारतात भांडवली नफ्यावर कर लागत नाही, ही आपल्याला सोय वाटते. इथली बँक म्हणे, एवढी रक्कम आली तर कर भरल्याचा कागद कुठे? करच नाही तर कागद कुठून आणू? मग खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर, सीएचं पत्र, सातबारा. सातबाऱ्यावर बाबांचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि आजोबांच्या पश्चात वारसनोंदीचा फेरफार अर्धवट. दर आठवड्याला नवा माणूस फोनवर, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. तू निघायच्या आधी पैसे पाठवलेस तर वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून ठेवेल. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोवर ती रक्कम अडकते.

मात्र हे कागद मिळाले म्हणून वावर विकू नकोस. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते, विकली की परतीचा रस्ता बंद. सातबाऱ्यावर आता माझं नाव नाही. भाऊ फोनवर पऱ्हाटीला बोंडं किती लागली ते सांगतो, आणि मला काय बोलावं सुचत नाही. विकलं ते बरोबर की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. दुकान चालतंय, घर चालतंय. तरी तू वावर मक्त्यानं दे आणि कृषी केंद्राचा माल मोडून जेवढं येईल तेवढ्यात छोटं दुकान बघ. रेटेबल व्हॅल्यू, म्हणजे करासाठी ठरवलेलं जागेचं वार्षिक भाडेमूल्य, १२,००० पौंडांपर्यंत असलेली, तुझी एकुलती एक जागा असेल तर बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे धंद्याच्या जागेवरच्या करात, पूर्ण सूट मिळते. सुरुवात तिथून कर.

आणि पोरीचं. हे तू विचारलं नाहीस, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेतला, गणितात वर्गात पहिला. इथं इंग्रजी अडखळतं म्हणून त्याला गणिताच्या सगळ्यात खालच्या गटात बसवलं. मी पत्र दिलं, भेटलो, प्रत्येक वेळी गोड उत्तर मिळालं की आधी रुळू द्या. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, त्याला फाउंडेशनचा, म्हणजे सोपा, पेपर दिला. त्या पेपरात कितीही चांगलं लिहिलं तरी नऊपैकी पाचच्या वर ग्रेड मिळत नाही. त्याला पाच मिळाले आणि पुढं गणित घेता आलं नाही. तो विसरला, मजेत आहे. मी विसरलो नाही. पहिल्याच महिन्यात शाळेला विचार की पोरगी कोणत्या गटात आहे आणि वरच्या गटात कधी, कशावरून जाणार, आणि उत्तर लेखी माग.

गिऱ्हाईक अजून माझ्या दुकानाला जुन्या मालकाच्या नावानंच ओळखतात. स्वतःच्या नावाची पाटी लावायचं माझ्या मनात आहे, आणि ते नवं दुकान मी टाकणारच. आता गल्ली माहीत आहे, माल देणारे माहीत आहेत, आणि बँकेत माझा इतिहास आहे. नव्याचा विचार तूही तेव्हाच कर.

कोणतं दुकान नजरेत आलं तर सही करण्याआधी लीज आणि रिटर्न मला पाठव, मी वाचून देतो. पोरगी कितव्या वर्गात आहे ते तू लिहिलंच नाहीस. ते आधी कळव.