अभ्यासाचे लाइक्स

"शाळेनंच अभ्यासासाठी मोबाईल हातात दिला, आता मी तो काढून घेऊ कसा?" हा प्रश्न घेऊन अनेक पालक येतात. त्यांतल्या एका आईची आणि तिच्या नववीतल्या मुलीची ही गोष्ट. दोघींची परवानगी घेऊन आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते आहे.

विज्ञानाच्या बाईंनी वर्गासाठी सोशल मीडियावर खातं उघडलं होतं. प्रत्येकानं एक संकल्पना मिनिटभराच्या व्हिडिओत समजावायची आणि बाकीच्यांनी तो बघून प्रतिक्रिया द्यायची. आईची तक्रार अशी की मुलगी रात्री उशिरापर्यंत फोनला चिकटलेली असते, चिडचिड करते आणि विज्ञानाचं पुस्तक उघडतच नाही. "व्यसनच लागलंय हिला. बाईंना बोलावं तर त्या हिच्यावर राग धरतील."

'व्यसन' म्हणण्याआधी मुलगी फोनवर नेमकं काय बघते, हे मला कळायला हवं असतं. म्हणून तिच्याशी एकटीशी बोलले. ती बघत होती स्वतःचाच व्हिडिओ. पुन्हा पुन्हा, किती लाइक्स आले ते.

तिचा विषय होता चंद्राच्या कला. दिवा आणि चेंडू घेऊन तिनं छान दाखवलं होतं: सूर्याकडचा अर्धा चंद्र नेहमीच उजळलेला असतो, तो पृथ्वीभोवती फिरतो तसा त्या उजळ भागाचा कमी-जास्त हिस्सा आपल्याला दिसतो. तोच विषय एका वर्गमित्राकडेही होता. त्यानं संगीत लावून, झटपट दृश्यं जोडून सांगितलं की चंद्रावर पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात. लाइक्स त्याला कितीतरी जास्त. "ताई, सावलीमुळे कला दिसत असत्या तर जवळजवळ रोजच ग्रहण म्हणायचं का? पण हे कुणी विचारलंच नाही. मग मी दिवा-चेंडू घेऊन कशाला बसले?"

तिच्या चिडचिडीचं मूळ इथे होतं, आणि मला ते रास्त वाटलं. वर्गात एखाद्यानं चुकीचं उत्तर दिलं तर बाई विचारतात, "असं का वाटतं तुला?" त्या एका प्रश्नातून दोघंही शिकतात, चुकलेलाही आणि ऐकणाराही. सोशल मीडियावर हा प्रश्न विचारायला कुणी बसलेलं नसतं. तिथली यंत्रणा लोक कशावर थांबतात, कशाला दाद देतात ते बघून व्हिडिओ पुढे ढकलते. सांगितलेलं खरं आहे का, हे लाइकमध्ये मोजलंच जात नाही. आणि बरोबरीच्यांची पसंती ज्या वयात मनाला सर्वांत जास्त लागते, त्याच वयातल्या मुलांच्या अभ्यासाखाली आपण तो आकडा लावून ठेवतो.

आईच्या संमतीनं बाईंना निरोप पाठवला. राग धरणं दूरच, त्या स्वतः भेटायला आल्या. त्यांचं कारणही भक्कम होतं: वर्गात कधी हात वर न करणारी मुलं एकट्यानं कॅमेऱ्यासमोर बोलू लागली होती. हे फार मोलाचं आहे, म्हणून उपक्रम बंद करा असं मी सुचवलं नाही. आकडा आणि बाहेरचे प्रेक्षक तेवढे काढायचे, असं ठरलं. खातं खासगी केलं, लाइक्सची संख्या लपवली, आणि प्रतिक्रिया म्हणजे एक प्रश्न असा नियम झाला. त्या मुलाशी आधी बोलून बाईंनी दोन्ही व्हिडिओ वर्गात शेजारी-शेजारी लावले. दिवा आणि चेंडू त्याच्याच हातात दिले. चूक त्यानं स्वतः शोधली.

पुढे बाईंनी बाहेरचे लोकप्रिय व्हिडिओ तपासायला दिले. यासाठी एक चांगली पद्धत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अनोळखी संकेतस्थळं कशी जोखतात ते पाहिलं. तथ्यतपासनीस त्या पानावर रेंगाळत नव्हते. लगेच दुसऱ्या टॅब उघडून, हे सांगणारा कोण आणि इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, ते शोधत होते. मुलांना हे आवडतं. मला विचाराल तर सोशल मीडियाचा वर्गातला सर्वांत चांगला उपयोग हाच: तिथे काही टाकण्यापेक्षा तिथलं तपासणं.

आईनं फोन काढून घेतला नाही. रात्री नऊनंतर शाळेचं काम टाकायचं नाही की बघायचं नाही, हे बाईंनीच वर्गाला सांगितलं, त्यामुळे घरातली रोजची झटापट थांबली. मुलीची आकडे बघण्याची सवय मात्र लगेच गेली नाही. बराच काळ ती उगाचच ॲप उघडत राहिली. पुढचा विषय तिनं मागून घेतला: ऋतू का बदलतात.

तुमच्या घरी असंच चाललं असेल तर शिक्षकांना जरूर लिहा, पण 'हे बंद करा' अशी सुरुवात करू नका. मुलात काय बदल दिसला ते आधी सांगा. मग विचारा: खातं कुणाला दिसतं, मुलाचा चेहरा आणि नाव दिसणं गरजेचं आहे का, ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यानं काय करायचं. बहुतेक मोठ्या ॲपांवर खात्यासाठी किमान वय 13 आहे, तेव्हा मूल त्याहून लहान असेल तर शाळेकडे दुसरा मार्ग मागायलाच हवा. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हेही विचारात घ्या. फक्त सूचनाच द्यायच्या असतील तर ॲडमिनलाच संदेश टाकता येतील अशी सोय तिथे आहे, ती सुरू करायला सांगा.