बोरघाट उतरण्याआधी

नवीन ट्रक हातात घेतलास, आता घाईने स्टार्टर मारू नकोस. आधी खाली उतरून गाडीभोवती पूर्ण फेरी मार. मागच्या जोडटायरांत दगड अडकलाय का, आतल्या टायरची हवा गेलीय का, ते रॉडने ठोकून बघ. व्हील नटभोवती गंजाची रेघ उतरलेली दिसली तर नट ढिला असू शकतो. दिवे, आरसे, वायपर तर रोजचेच.

खरा जीव एअर ब्रेकमध्ये आहे. चाकांना उटी म्हणजे अडसर लाव, हवेची टाकी भरू दे, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धर. हवेच्या दाबाचा काटा खाली सरकत राहिला तर कुठेतरी गळती आहे. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय निघू नकोस, मालक कितीही ओरडू दे. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज काढ, पावसाळ्यात तर नक्कीच.

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाक, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा ब्रेक, लाव. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नकोस. सतत ब्रेक दाबून लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे, तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबव, लायनर आपोआप थंड होऊ दे. वर पाणी ओतू नकोस, ड्रम तडकतो.