स्पाइक नर मारले तर हरणांची जात सुधारते का?

तुम्ही विचारलंय की टेक्सासात जमीन घेतली आहे आणि शेजारी सांगतो, खिळ्यासारख्या बिनफाट्याच्या शिंगांचे नर (इथल्या भाषेत 'स्पाइक') मारून टाका, म्हणजे पुढची पिढी मोठ्या शिंगांची निपजेल. हे खरं का?

जात सुधारायची म्हणून मारणार असाल, तर कृपा करून मारू नका.

मी मूळचा सांगोल्याकडचा, पशुवैद्य. शेजाऱ्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. टेक्सासातल्याच केर वन्यजीव क्षेत्रात १९७४ पासून कुंपणात पाळलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर अभ्यास झाला. शिंगांचा आकार बापाकडून उतरतो आणि स्पाइक नर पुढेही सरासरीने मागे राहतात, हे तिथे दिसलं. पण तिथे सगळ्यांना एकच खुराक होता आणि कोणाचा बाप कोण हे लिहून ठेवलेलं होतं.

रानात तसं नसतं. ही शिंगं चितळ-सांबरांसारखी दरवर्षी गळतात आणि नवी येतात. पाडस उशिरा जन्मलं किंवा वर्ष दुष्काळी गेलं, की दीड वर्षाच्या नराला नुसती बिनफाट्याची शिंगं फुटतात. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. आमच्या पाणवठ्यावर डावा कान फाटलेला एक स्पाइक यायचा, वीतभर शिंगांचा. तीन वर्षांनी तोच कान मी ओळखला, तेव्हा त्याच्या डोक्यावर आठ टोकं होती.

खिलार खोंड निवडताना आपण वळूचं घराणं बघतो, गाय बघतो, नको त्याला खच्ची करतो. इथे निम्मी जनुकं मादीची, आणि तिला शिंगंच नाहीत! शिवाय एकच दांडगा नर सगळ्या माद्या फळवतो असंही नाही. दीड वर्षाचे नरही बाप होतात. जनुकीय तपासणीत तर जुळ्यांच्या सुमारे चौथाई जोड्यांत दोन पाडसांचे दोन बाप निघाले.

दक्षिण टेक्सासातल्या कोमांची रँचवर हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून नर पकडले, मोजले आणि मापात न बसणारे काही वर्षं सातत्याने काढून टाकले. तरीही शिंगं वाढली नाहीत. उलट जिथे निवड सर्वांत कडक होती, तिथे मोठे व्हायला नरच उरेनात.

मला सर्वांत पटलेला प्रयोग मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा. त्या राज्यात 'डेल्टा' नावाच्या सखल भागातल्या सुपीक जमिनीवरची हरणं थोराड असतात, तर दक्षिणेच्या निकस किनारपट्टीवरची किरकोळ. दोन्हीकडची हरणं आणून त्यांना २० टक्के प्रथिनांचा खुराक दिला. किरकोळ हरणांची पहिली पिढी मागेच राहिली, पण दुसरीने फरक बराचसा भरून काढला. जनुकं तीच होती, फक्त या पिढीच्या आया पोटभर खाऊन वाढल्या होत्या.

तेव्हा आधी चारा बघा. माद्या जास्त झाल्या असतील, तर तुमच्या काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) नियमांत राहून त्या कमी करा. नरांना पाच-सहा वर्षांचे होऊ द्या, शिंगं तेव्हा भरतात. आणि पैदास केंद्रातून 'उंची रक्ताचा' नर विकत आणून सोडायचा मोह टाळा. हरणांना झिजवून मारणारा सीडब्ल्यूडी रोग टेक्सासातल्या अशा केंद्रांत २०१५ पासून सापडतो आहे आणि त्यावर औषध नाही.