'शीझांग' लिहावं की 'तिबेट'?

प्रश्न असा आला होता : 'चीनच्या इंग्रजी निवेदनांत हल्ली तिबेटच्या जागी शीझांग दिसतं. पेकिंगचं बीजिंग आपण मुकाट्याने मान्य केलं, बॉम्बेचं मुंबई तर भांडून करून घेतलं. मग मराठी बातमीत शीझांग लिहिलं तर बिघडलं कुठे?'

बीजिंग हे तिथल्या माणसाच्या तोंडचं नाव, मुंबई आपल्या तोंडचं. शीझांग हे तिबेटी माणसाच्या तोंडचं नाही. तो आपल्या देशाला 'बोद' म्हणतो. ल्हासाकडे शेवटचा द गिळतात, त्यामुळे 'प्यो'सारखं काहीतरी ऐकू येतं. संस्कृतातला 'भोट' तो हाच. नेपाळातली भोटेकोशी नदी आणि उत्तराखंडातले भोटिया त्याच गोतातले.

'तिबेट' हेही तसं बाहेरच्यांनीच दिलेलं. अरबी-फारसीत तुब्बत, हिंदीत तिब्बत, आणि आपल्याकडे ते आलं इंग्रजीच्या वाटेने. मग दोन्ही परकीच, यातलं कुठलंही वापरा, असं कुणी म्हणेल. पण दोन्ही नावांखाली येणारी जमीन सारखी नाही.

'शी' म्हणजे पश्चिम, आणि 'झांग' आलं शिगात्सेच्या आसपासच्या 'त्सांग' या तिबेटी प्रांताच्या नावावरून. (त्याचा उच्चार खरा आपल्या 'चाक'मधल्या च-सारखा, झ हा रोमन झेडचा प्रताप. त्या चिनी अक्षराचा कोठार असाही अर्थ होतो, म्हणून 'पश्चिमेचा खजिना' असा अर्थ सांगणारे भेटतात. त्यांचं मनावर घेऊ नये.) आजच्या चिनीत शीझांग म्हणजे १९६५ साली स्थापन केलेला तिबेट स्वायत्त प्रदेश, तेवढाच. आम्दो आणि खाम या बाकीच्या तिबेटी प्रांतांचा मोठा भाग छिंगहाय, गान्सू, सिचुआन, युन्नान या प्रांतांत वाटला गेलाय. चीनमधले निम्म्याहून जास्त तिबेटी शीझांगच्या बाहेर राहतात. सध्याचे दलाई लामा १९३५ साली आम्दोतल्या ताक्त्सेर गावी जन्मले. ते गाव आज छिंगहायमध्ये आहे. म्हणजे 'दलाई लामांचा जन्म शीझांगचा' हे वाक्य चीनच्याच हिशेबाने चूक ठरतं!

मला मात्र याहून मजेशीर वाटते ती तिबेटीतली जोडी. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या एका तिबेटी बाईंना मी विचारलं होतं, 'तुमच्यात भारताला काय म्हणतात?' स्वेटरची घडी घालता घालता त्या म्हणाल्या, 'ग्यागर. आणि चीनला ग्यानाग.' बोद, ग्यागर, ग्यानाग : तिघे शेजारी, कुणी कुणाच्या पोटात नाही. त्यामुळे 'बोद हा ग्यानागचा भाग' हे वाक्य तिबेटी कानाला 'कोकण हा गुजरातचा भाग' इतकं विचित्र लागतं. १९५१च्या चीन-तिबेट सतरा कलमी करारानंतर चीनचं राज्य आलं ते तिबेट चीनचाच भाग असल्याच्या दाव्यावर, आणि तो दावा जुन्या शब्दात बसेना. म्हणून सरकारी तिबेटीत 'झोंगग्वो' या चीनच्या चिनी नावावरून घेतलेला 'ट्रुंग्गो' रूढ केला गेला. ट्रुंग्गोत बोदही येतो आणि ग्यानागही. ल्हासात जोखांग मंदिरासमोर ८२३ सालचा, तिबेटी आणि चिनी अशा दोन्ही भाषांत कोरलेला, तिबेट-चीन तहाचा स्तंभ आहे. त्यावर बोद बोदच्या भूमीत सुखी आणि ग्या (म्हणजे चीन) ग्याच्या भूमीत सुखी, अशा अर्थाची ओळ आहे. त्या ओळीत ट्रुंग्गो कुठे बसवणार?

तेव्हा माझं मत : देशाबद्दल, लोकांबद्दल, भाषेबद्दल लिहिताना तिबेट. नेमका प्रशासकीय प्रदेश सांगायचा असेल तर 'तिबेट स्वायत्त प्रदेश' असं पूर्ण नाव. चीनचं निवेदन शब्दशः देत असाल तर शीझांग, तेही अवतरणचिन्हांत. आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचं नाव १९६२पासून तेच आहे, ते काही कुणी शीझांग केलेलं नाही.

आणि जाता जाता, 'तिबेटियन लोक' नको. 'तिबेटी' असा नीट शब्द मराठीत आहे.